रुमालाखालचा हात

माझ्या उजव्या हाताला एके काळी सांगलीच्या हळदपेठेत मान होता, असं मी सांगायला लागलो की माझी सून चहा ठेवायचं निमित्त करून आत जाते आणि आतून हसण्याचा आवाज येतो. तिचंही बरोबर आहे. या हातानं जन्मभर काय केलं, तर चोळ्या, विजारी, शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या आणि निवडणूक आली की टोप्या. मी शिंपी माणूस. त्यातही गावात दुसरा शिंपी नव्हता म्हणून चाललो. माझ्या सदऱ्याची एक बाही दुसरीपेक्षा अंमळ लांब व्हायचीच. लोक ती दुमडून घालायचे आणि दोष परटाला द्यायचे. हा लोकांचा मोठेपणा.

तो मान खरं तर माझ्या शेजारणीचा, अनसाक्काचा. मी नुसता हात दिला होता, तोही तिनं मागितला म्हणून.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आधी ते दक्षिण साताऱ्यात होतं, मग साठ सालच्या सुमाराला जिल्ह्याचं नाव बदललं आणि आम्ही बसल्या जागी सांगली जिल्ह्यातले झालो. चावडीवरची पाटी बदलली, बाकी काही बदललं नाही. हळद आधीही सांगलीलाच जायची, नंतरही तिकडंच गेली. माझ्या दुकानाच्या मागच्या अंगाला अनसाक्काचं घर. तिचा नवरा गणपतदादा फौजेत होता. वर्षातून एकदा यायचा, सगळ्यांना रमचे आणि बर्फाचे किस्से सांगायचा आणि जायचा. चीनच्या लढाईत तो वर नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, गेला तो परत आला नाही. मागं राहिली अनसाक्का, तिची लेक शालन आणि ओढ्याकाठचं हळदीचं शेत.

अनसाक्का मूळची लोणंदकडची. तिकडं पाण्याची बोंब, हळद फक्त लग्नात बघितलेली. सासरी आली तेव्हा सासूनं पहिल्याच सुगीला काहिलीपुढं बसवली आणि शिजली का बघ म्हणाली. हिनं हळकुंड उचलून सरळ दातानं फोडलं. दोन दिवस तोंड पिवळं घेऊन फिरत होती, असं तीच सांगायची. पण मला आठवते ती अनसाक्का म्हणजे हळदीतली जाणतीच. उंच, काटक, पुढं वाकून भराभर चालणारी. हात बारा महिने पिवळे. माझ्याकडं चोळीचा खण शिवायला टाकला की त्यावर तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा असायचाच. माझं मशीन, गज, टेप सगळं हळूहळू पिवळं झालं. एका पाव्हण्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पाठीवर तिची बोटं उठली तर तो भांडायला आला. मी त्याला म्हणालो, आमच्याकडं शुभ मानतात. त्याचं समाधान झालं नाही.

तिला एक खोड होती. हातात हळकुंड आलं की कानाशी नेऊन मोडायची. कट्‌ असा कोरडा आवाज आला तर मान हलवायची, नाही आला तर परत उन्हात टाकायची. माणसांनाही तीच परीक्षा लावायची. गावातल्या प्रत्येकाची तिनं वर्गवारी केलेली होती. सरपंच म्हणजे गड्डा, नुसता आकारानं मोठा. तलाठी म्हणजे कणी, पोत्याच्या तळाला उरलेला चुरा. तिची थोरली जाऊ पारूबाई म्हणजे लांब हळकुंड, फक्त सालीत राहिलेलं, पॉलिश न झालेलं. मी एकदा हौसेनं विचारलं, "आक्का, मी कोण?"

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कच्चा काढलायास रं, शंकर. आनखी एक उकळी पायजे व्हती."

माझं लग्न होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. बायको दारात उभी होती, तिला हे फार आवडलं. पुढं कित्येक वर्षं भांडणात ती तेवढंच म्हणायची.

गावात लग्न निघालं की नवऱ्याच्या हळदीसाठी लोक अनसाक्काकडंच यायचे. तिची हळद रंगाला गडद आणि वासाला कडक. ती निवडून हळकुंडं द्यायची, कधी नाही म्हणाली नाही. पण विधवा म्हणून लग्नघरात हळदीच्या वेळी तिला मागं थांबायला लागायचं. आमच्या आळीतल्या एका लग्नात मी मांडवात होतो. जात्यावर बायका हळद दळत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि अनसाक्का बाहेर लिंबाखाली उभी. मी आपला शहाणपणा करून तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "आक्का, वाईट वाटून घेऊ नगंस."

"वाईट कशाचं वाटायचंय," ती म्हणाली. "माझी हळद पिकवायला चालती, शिजवायला चालती, वाळवायला चालती. लावायला तेवढी चालत न्हाई. देवाला बी कळंना झालं आसंल, आता हिचं काय करावं."

मी लिंबाखालचा पाला पायानं सारायला लागलो. मग तिनंच विचारलं, "तुला लाडू मिळाला का? जा बघ, संपतील." मी गेलो.

आता आबा. आबा म्हणजे तिचा थोरला दीर. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट करून टाकाल. घरात दोन्ही भावांची हळद तोच सांगलीला न्यायचा. सुगीच्या शेवटी फेटा बांधून, मिशीला तेल लावून गाडीवर बसायचा आणि येताना पोरांना भडंग आणायचा. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घासून पॉलिश करायची ती बायकांनी. बैलगाडीत पोती चढली की बायकांचं काम संपलं. त्यांनी सांगलीचा बाजार बघितलेलाच नव्हता. बघायची गरजही कुणाला वाटली नव्हती, त्यांनाही नाही. नवरा गेल्यावर मात्र अनसाक्काला वाटायला लागली.

गणपतदादाचं वर्षश्राद्ध झाल्यावर आबानं विषय काढला. मारुतीच्या कट्ट्यावर जुनीजाणती चार माणसं बसवून घेतली. अनसाक्का पदर डोक्यावरून ओढून खांबाशी उभी. मी शेजारी म्हणून होतो आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

आबा म्हणाला, "अनसा, शेत माझ्या नावावर कर. मी कसतो. तुझं नि शालनचं वर्साचं सगळं माझ्याकडं लागलं. बाईमाणूस किती दिस झटणार?"

"शेत मी करतीया की, आबा. गेली किती वर्सं मीच करतीया."

"पिकवायचं कोन बोलतंय? इकायचं काय? बाजारात रुमालाखाली हात घालाय लागतोय. तू घालनार व्हय परक्या बाप्याच्या हातात हात?"

कट्ट्यावरची माणसं हसली नाहीत, पण खाली बघायला लागली. अनसाक्काचा चेहरा पदरात होता. मग ती म्हणाली, "समजा, माझी हळद मी इकली, तर?"

आबाला हसू आलं. पण माणूस सरळ. "तुझ्या हळदीचा सवदा तू केलास, तर मी शेताचं नाव काढणार न्हाई. मेलो तरी काढणार न्हाई. पन न्हाई जमला तर पुढल्या आखितीला शेत माझ्याकडं."

ठरलं ते असं, अक्षय्य तृतीयेच्या मुदतीनं. शेत राहणार की जाणार, ते सांगलीच्या बाजारात ठरणार होतं.

हा रुमालाचा प्रकार सांगायला हवा, कारण आता तो राहिला नाही. तेव्हा पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि घेणारा रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं धरून भाव सांगायचा. किती बोटं धरली, किती वेळा दाबली, त्यावर आकडा. पटला नाही तर विकणाऱ्यानं हात काढून घ्यायचा. पटला तर हात तसाच ठेवायचा, की समोरच्यानं मूठ आवळायची. झाला सौदा, मग बापाला सांगून फिरत नाही. भोवती दहा व्यापारी असले तरी कुणी काय भाव दिला ते दुसऱ्याला कळत नाही. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याच्या वतीनं अडत्याच बसायचा. पण आम्ही ज्यांच्याकडं माल लावायचो ते अण्णाप्पा अडते जुन्या वळणाचे. म्हणायचे, माल ज्याचा त्यानं बसावं, मागाहून मला शिव्या नकोत.

मी दुकानात काज करत बसलो होतो तेव्हा अनसाक्का आली. माझा उजवा हात धरला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यो मला लागंल. सुगीला."

"मीच का आक्का?" मी विचारलं. मनात वाटलं, म्हणेल तू भरवशाचा आहेस.

"भावकीतला घेतला तर सांजला आबाला समदं जाऊन सांगतोय. तुझं गावात कोन ऐकतच न्हाई. तू सांगितलंस तरी चालतंय."

मी लगेच कबूल झालो. माझ्या हाताला पहिल्यांदाच कुणीतरी मागणी घातली होती.

तिनं सगळं पढवलं. अमुक भावाच्या खाली बोटं गेली की हात काढायचा. त्याच्या वर गेली की गप्प ठेवायचा. ती मागं पोत्यावर बसणार. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आता मला बाजारात भाव ठरवायला बोलावतात. एक गोष्ट मात्र मी अनसाक्काला सांगितली नाही, कारण मलाच ती तेव्हा सुचली नव्हती. मी उभ्या जगाची मापं घेतो, पण माझं माप आजवर कुणी घेऊ शकलेलं नाही. मला गुदगुल्या होतात. काखेत होतात, मानेला होतात, पण सगळ्यात जास्त होतात तळहाताला.

पेठेत हळदीचा वास एवढा की डोळ्यांत पाणी येतं. अण्णाप्पांच्या पेढीपुढं पोती रचलेली, आक्का पोत्यावर, मी चादरीवर मांडी घालून. पहिला व्यापारी बसला, रुमाल पडला, त्यानं माझं पहिलं बोट धरून तळव्याला अंगठा लावला मात्र, माझा हात आपोआप बाहेर आला. त्यानं भुवया वर केल्या. परत हात घातला, परत बाहेर. दुसरा आला, त्याचंही तेच. मी दातओठ खात होतो ते हसू दाबायला, लोकांना वाटलं हा माणूस कडक आहे. मागून कुणीतरी म्हणालं, हा शिंपी दिसतोय साधा पण लई पक्का हाय. भाव चढत गेला. शेवटी एक चष्मेवाला व्यापारी बसला. तोवर माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, त्याला संवेदनाच उरली नव्हती, म्हणून तो जागेवर राहिला. चष्मेवाल्यानं मूठ आवळली. त्या दिवशी पेठेत आक्काच्या हळदीला सगळ्यांत वरचा भाव पडला.

येताना मी गाडीत असा बसलो होतो, जसा काही कुस्ती मारून आलोय. आक्का म्हणाली, "शंकर, तुझ्यात एवढं व्हतं व्हय रं?" मी नुसती मान हलवली. गावात आल्यावर महिनाभर मी सदरे शिवताना गिऱ्हाइकांना बाजारभाव शिकवत होतो. एका गिऱ्हाइकानं सरळ विचारलं, बाई कोण बसली होती मागं, तिनंच ठरवलं असंल की. मी त्याचा सदरा मुद्दाम उशिरा दिला.

पण आबा कट्ट्यावर म्हणाला, "हात कुनाचा व्हता? शंकर शिंप्याचा. म्हंजे सवदा शिंप्यानं केला. अनसानं कुठं केला?" जुन्या माणसांना पटलं. मग कुणीतरी म्हणालं, बाई खटपट करतीया, आणखी एक सुगी बघू. आबा हो म्हणाला. हेही त्यानं मनापासून केलं.

आक्काला राग आला तो आबाचा नाही, स्वतःचा. पण तिला दुसरी वाट दिसेना. शालनची सोयरीक बघायला सुरुवात झाली होती. विधवा आई बाजारात परक्या पुरुषांच्या हातात हात घालते, एवढं कुणी पाव्हण्यांच्या कानात सांगितलं तर पोरीचं लग्न मोडणार. म्हणून ती म्हणाली, पुढल्या सुगीला परत तूच बस, भाव असा आण की आबाचं तोंडच बंद होईल.

मग मी तयारी केली. पहिल्या वर्षी गंमत झाली, आता मुद्दाम करायचं होतं. वर्षभर बायकोकडून तळहातावर केरसुणीची काडी फिरवून घेतली. ती बिचारी रोज जेवण झाल्यावर काडी फिरवायची आणि मी दगडासारखा बसायचो. शेजारची म्हातारी एकदा बघून गेली आणि सगळ्या आळीत सांगत सुटली की शंकरला काहीतरी बाधा झालीय. पण साधलं. सुगीपर्यंत माझ्या हातावरून उंदीर गेला असता तरी मी हललो नसतो.

आणि तिथंच घोटाळा झाला. पेठेत तोच चष्मेवाला पहिला बसला. गेल्या वर्षीचा मी त्याला आठवत होतो, म्हणून त्यानं गमतीनं अगदी तळातला भाव लावला, म्हणजे मी हात ओढणार आणि मग खरं बोलणं सुरू होणार. मी ओढला नाही. मला आनंद झाला होता की गुदगुल्या होत नाहीत. मी त्या आनंदात बोटं मोजायचीच विसरलो. चष्मेवाला क्षणभर थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि धंदेवाईक माणूस, त्यानं मूठ आवळली.

अण्णाप्पांनी रुमाल उचलला आणि म्हणाले, "सौदा झाला." भाव ऐकल्यावर आक्का पोत्यावरून उठली आणि परत बसली. मला तोंड लपवायला रुमालही राहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर नदीचा उतार लागला तेव्हा बैल थांबवून तिनं विचारलं, "गेल्या साली तुला जमलं ते कसं जमलं? खरं सांग."

मी खरं सांगितलं. गुदगुल्या, मुंग्या, केरसुणीची काडी, सगळं. ती आधी ऐकत राहिली, मग तिला हसू फुटलं. गाडीच्या दांडीला धरून ती पोट दुखेपर्यंत हसली. हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही. पदर तोंडात धरून म्हणाली, "म्हंजे माझं शेत तुझ्या गुदगुल्यावर हुभं व्हतं व्हय रं. आनी मी देवाला नारळ फोडला."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच नदीत उतरायला निघालो. तिनं धोतराला धरून मागं ओढलं. "उतरू नगंस. पानी गुडघ्याएवढंच हाय, उगंच हसं हुईल."

आता शेत आबाकडं जाणार हे नक्की होतं. पण त्या वर्षी आबालाच वाईट भाव पडला होता, आणि आक्काला हसायची त्याला लाज वाटली असावी. कट्ट्यावर तो म्हणाला, "यंदाचं राहू द्या. पुढली सुगी शेवटची. मग मात्र मी थांबणार न्हाई." अनसाक्का हो म्हणाली आणि घरी गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या दुकानावरून जायची, पण थांबायची नाही. मला वाटलं तिनं मला टाकलं. एके सकाळी मात्र दारात उभी राहिली आणि पुढ्यात एक कापडाची पट्टी आणि पाच लांब हळकुंडं ठेवली. "ही ह्या पट्टीवर वळीनं शिव. हाताच्या बोटावानी. निघाली न्हाई पायजेत."

मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, "शिवायचं काम तुझं. इच्यारायचं न्हवं." मी शिवली. एक जरा वाकडं बसलं, ते तिनं बघितलं आणि पट्टी गुंडाळून घेऊन गेली.

तिसऱ्या सुगीला गाडी सांगलीला गेली तेव्हा मी मागं बसलो होतो, पोत्यांमध्ये. आबाही आला होता, त्याचाही माल होता. अण्णाप्पांनी मला बघून चादर झटकली. अनसाक्का म्हणाली, "त्यो न्हाई. मी बसनार."

पेढीवर बसलेली सगळी माणसं थांबली. अण्णाप्पा गंधाला हात लावून म्हणाले, "अगं बाई, पण हात कसा धरायचा?"

तिनं ओच्यातून पट्टी काढली आणि चादरीवर पसरली. पट्टीचं एक टोक स्वतःच्या हातात ठेवलं. "रीत काय हाय अण्णा? भाव दुसऱ्याला कळू नये, ही रीत. रुमाल टाका, कळनार न्हाई. घ्यायला पाच बोटं लागत्यात. ही पाच हायती. पटलं न्हाई तर मी पट्टी वढून घेईन. पटलं तर ठेवीन. मग ऱ्हायलं काय?"

अण्णाप्पा विचारात पडले. व्यापाऱ्यांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, असं कधी झालं नाही. कुणी म्हणालं, बाई म्हणतीया ते चूक तरी काय आहे. आबा एका बाजूला उभा होता, त्याच्या तोंडावर काय होतं ते मला कळलं नाही. शेवटी अण्णाप्पांनी रुमाल उचलला आणि म्हणाले, "बसा, कोण बसतंय ते."

कुणीच बसेना. माणसं एकमेकांकडं बघत होती. मग तो चष्मेवालाच पुढं आला. मला वाटतं, गेल्या वर्षीचं त्याच्या मनाला लागलं असावं. त्यानं रुमालाखाली हात घातला, दोन हळकुंडं धरली असावीत, कारण आक्कानं ताडकन पट्टी ओढली. त्यानं परत घातला. परत ओढली. दुसरा बसला, तिसरा बसला. प्रत्येकाला वाटत होतं की आधीच्यानं किती दिलं असेल. आक्काचा हात नुसता पट्टीच्या टोकावर होता, पण चेहरा असा की बघणाऱ्याला त्यातून काहीच काढता येऊ नये. मी मात्र मागं उभा राहून नखं खात होतो आणि माझी वाकडी बसलेली हळकुंडाची शिवण उसवू नये म्हणून देवाला हात जोडत होतो.

चष्मेवाला परत बसला. या वेळी त्यानं भाव सांगताना जोर केला आणि रुमालाखाली कट्‌ असा आवाज झाला. हळकुंड मोडलं. सगळ्यांनी ऐकलं. आक्का पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "ऐकलं न्हवं? किती वाळलीया ते आता मला सांगाय लागायचं न्हाई."

लोक हसले आणि भाव वर गेला. किती गेला ते मी सांगणार नाही, कारण सुनेला वाटतं मी वाढवून सांगतो. शेवटी पट्टी जागेवर राहिली. चष्मेवाल्यानं उरलेली हळकुंडं मुठीत आवळली. अण्णाप्पा म्हणाले, सौदा झाला.

आम्ही गावात परत आलो. कट्ट्यावर लोकांनी आबाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इकली तिनं. स्वता इकली." आणि घरी गेला. शेताचं नाव त्यानं परत कधी काढलं नाही. शालनचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. पाव्हण्यांनी हळकुंडांची गोष्ट ऐकली होती आणि त्यांना ती आवडली होती, असं कळलं. आपण उगीच घाबरलो होतो, असं आक्का म्हणाली.

त्यानंतर मी गावात आणखी एक सुगी होतो. मिरजेत मेहुण्याच्या दुकानात जागा झाली होती, आणि गावात आता तयार कपड्यांची दुकानं बाजाराच्या दिवशी लागायला लागली होती, म्हणजे माझ्या लांब बाहीला दिवस राहिले नव्हते. जायच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी दुकान उघडत होतो. आक्काची गाडी समोरून गेली. कासरा तिच्या हातात. तिच्या शेजारी पोत्यांवर थोरली जाऊ पारूबाई बसली होती. पारूबाई म्हणजे आबाची बायको, जिनं तीस वर्षं हळद शिजवली होती आणि जिच्या तोंडून मी कधी चार शब्द ऐकले नव्हते. तिच्यासमोर तिच्या घरची पोती होती. तिनं पदर नीट घेतला होता, पण ती समोर रस्त्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं आबा माझ्या दुकानात येऊन बसला. फेटा नव्हता, मिशीला तेल नव्हतं. "माझी बायको गेली सांगलीला," तो म्हणाला. "आमची हळद घिऊन. म्हनाली, एकदा बघून येते."

मी म्हणालो, "चांगलं केलं." दुसरं काय म्हणणार.

तो दिवसभर बसून राहिला. जेवायला गेला आणि परत आला. मधेच उठून रस्त्याकडं बघायचा आणि बसायचा. माझ्या मशीनचा आवाज त्याला नको होता, म्हणून मीही काम ठेवलं. आम्ही दोघं फळीवर बसलो. त्याचे हात मांडीवर होते आणि त्याला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

दिवस कलताना आबा म्हणाला, "शंकर, त्या तितं काय करत आसतील रं? कुनी फशिवलं तर? आनी भाव काय आला, ते आपल्याला कसं कळायचं?"

"त्या येऊन सांगतील की, आबा."

"त्या सांगतील त्येच खरं धरायचं व्हय?" असं म्हणून तो आपल्या तळहातांकडं बघायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "तीस वर्सं ती उंबऱ्यात हुभी आसायची. मी गाडीवरनं उतरून सांगायचो आनी हातपाय धुवायला जायचो."

गाडी आली. पोती रिकामी होऊन घडी घातलेली. पारूबाई उतरली, चुरगळलेला पदर झटकला. आबा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काय भाव लागला?"

पारूबाई म्हणाली, "बरा लागला." आणि पाय धुवायला आत गेली.

आबा रस्त्यात उभा. अनसाक्का गाडीवर होती, कासरा हातात. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. तिनं आबाकडं बघितलं, मोठ्या दिराकडं बघतात तसं, मायेनंच. म्हणाली, "आबा, बाजूला व्हा. बैल दमल्याती."

आबा बाजूला झाला. गाडी माझ्या दुकानापुढून वळली आणि तिच्या घराच्या बोळात गेली. त्याच आठवड्यात मी मिरजेला आलो आणि तिला पुन्हा बघितलं नाही.